गुरुजी, अटारीच्या आधी जिंतूर

जुलै २०२५ मध्ये परभणीच्या एका रिटायर्ड शिक्षकांचं पत्र आलं. नाव छापू नका म्हणाले म्हणून देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, मी ६१ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. लहानपणी सेवादलाच्या शाखेत जायचो. १९८५ साली बाबा आमटेंची भारत जोडो सायकल यात्रा निघाली तेव्हा मला जायचं होतं, पण वडिलांनी सोडलं नाही, ते मनात राहूनच गेलं. आता फंडाच्या पैशातून पेट्रोल गाडी घेतली आहे. मे महिन्यात भारत-पाकिस्तानमध्ये जे झालं त्यानंतर चैन पडेना, म्हणून आम्ही चार मित्रांनी ठरवलं की गाडीनं अमृतसरला जायचं आणि १४ ऑगस्टच्या रात्री अटारी बॉर्डरवर शांततेसाठी मेणबत्त्या लावायच्या. घरातून मात्र सगळ्यांचा विरोध. मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्यानं साठ-सत्तर हजाराचा खर्च काढला आणि म्हणाला चार मेणबत्त्यांनी काय होणार. मंडळी म्हणतात या वयात एवढं ड्रायव्हिंग नको. आमचे दाजी मराठा लाईट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, जिंतूरला असतात. ८ मे रोजी मी फॅमिली ग्रुपवर 'युद्ध हा उपाय नाही' असं टाकलं तर त्यांनी मला सगळ्यांदेखत देशद्रोही म्हटलं आणि ग्रुपमधून काढलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. भाचा पूंछकडे पोस्टिंगला आहे. राजकारणाचा तर वीट आलाय, एकही पक्ष शांततेचं नाव घेत नाही, इथून पुढं मतदानच करायचं नाही असं ठरवलंय. पेट्रोल आमच्याकडं सगळ्यात महाग, टोल वेगळाच, आणि तीन हजारांचा नवा फास्टॅग पास निघतोय तोही १५ ऑगस्टपासून. सांगा, जाऊ की नको?"

गुरुजी, जा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हेच वाटलं की या माणसाला जाऊ द्यायला पाहिजे, ४० वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आहे. पण गाडीने जाऊ नका, आणि सगळ्यात आधी अटारीला जाऊ नका. का ते सांगते, थोडं लांबेल.

आधी पैशाचं बघू, कारण घरातलं भांडण त्याच्या नावाखाली चाललंय. मुलाचा आकडा खोटा नाहीये, मीही कागदावर मांडून बघितलं. परभणी ते अमृतसर रस्त्याने एका बाजूने साधारण पावणेदोन हजार किलोमीटर धरा, म्हणजे जाऊन येऊन साडेतीन हजार, वर तिथलं फिरणं, म्हणजे ३,८०० पर्यंत जाणारच. चार माणसं, चार बॅगा, एसी चालू, पावसाळ्याचे रस्ते, अशा वेळी गाडीचं ॲव्हरेज १७ च्या वर धरू नका, शोरूमवाला काहीही सांगू दे. म्हणजे सव्वादोनशे लिटर पेट्रोल लागलं. जुलै २०२५ च्या भावाने तुमच्याकडे लिटरला १०५ च्या पुढे पडतं, मनमाडच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतो त्याचं भाडं तुम्हीच भरता, दिल्लीत याच भावाने तेच पेट्रोल ९५ च्या आत मिळतं, तर सरासरी १०० धरली तरी साडेबावीस हजार नुसते टाकीत गेले. टोलचे चार-पाच हजार. तुम्ही म्हणता तो पास यंदा, २०२५ मध्ये, ३,००० चा आहे, वर्षभर किंवा २०० ट्रिपा, आणि एक टोलनाका ओलांडला की एक ट्रिप संपली, तोही फक्त नॅशनल हायवेवर चालतो, राज्यांच्या रस्त्यांवर नाही. तुमच्या ट्रिपला तो परतीच्या वाटेवरच उपयोगी पडणार, आणि एरवी तुम्ही वर्षभर हायवेवर किती फिरता ते बघूनच घ्या. मग लॉज, दोन खोल्या, सहा-सात रात्री, वीस हजार. दहा दिवसांचं चौघांचं खाणं पंधरा-सोळा हजार. निघायच्या आधी सर्व्हिसिंग, एखादा टायर. सत्तर हजार होतात. चौघांत वाटले की माणशी साडेसतरा, हेही मुलाला सांगा, त्याने बहुतेक सगळा खर्च बापाच्याच खात्यावर टाकलाय.

पण माझा गाडीला विरोध पैशासाठी नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'चौघांत गाडी मलाच येते'. ६१ वर्षांचा एकटा माणूस, साडेतीन हजार किलोमीटर, ऑगस्टमधला पाऊस, रात्री समोरून अप्पर मारत येणारे ट्रक. तुमच्या मंडळींना पेट्रोलची काळजी नाहीये हो, त्यांना तुमची काळजी आहे, आणि ती बरोबर आहे. इथे मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूने आहे, यात मधला मार्ग काढायचा नाही.

आणि तुमच्या गावावरून सचखंड एक्सप्रेस जाते ना! हुजूर साहिब नांदेड ते अमृतसर, रोजची गाडी, सकाळी नांदेडहून निघते, परभणीला थांबते, दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत. आता ऑगस्टचं वेटिंग दाखवत असेल तर दोन दिवस अलीकडचं पलीकडचं बघा, सीनियर सिटिझनचा लोअर बर्थचा कोटा मागा. मी त्या गाडीने गेलेय, वीसेक वर्षं झाली, मनमाडला चढले होते. माझ्याकडे घरून नेलेल्या दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, आणि स्टेशन आलं की डब्यातले सगळे लोक ताटं-डबे घेऊन दाराशी का जातायत ते मला कळेना. बाहेर बादल्या घेऊन माणसं उभी होती, खिचडी, भाजी, पोळी, सगळ्यांना, तिकीट कुठल्या क्लासचं आणि माणूस कुठल्या धर्माचा हे कोणी विचारत नव्हतं. माझ्याकडे ताट नव्हतं तर समोरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्या सरदारजींनी त्यांच्या डब्याचं झाकण मला दिलं आणि स्वतः पोळीवर भाजी घेऊन खाल्ली. गुरुजी, लंगर त्या गाडीत आजही मिळतं. ताट सोबत ठेवा. बंद गाडीत एसी लावून गेलात तर १,७०० किलोमीटरमध्ये तुम्ही पेट्रोल पंपवाल्याशी आणि टोलवाल्याशी बोलाल, बाकी कोणाशी? १९६२ मध्ये सतीश कुमार आणि मेनन हे दोघं तरुण अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टन. निघताना विनोबांकडे गेले तर विनोबांनी सांगितलं की खिशात पैसे ठेवू नका. मला आधी ते फार कठोर वाटायचं. आता वाटतं की त्यात मोठं व्यवहारज्ञान आहे, खिशात पैसा नसला की रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं आणि ज्याच्या दारात उभं राहिलो त्याच्याशी बोलावंच लागतं. तुम्ही बिनपैशाचे जा असं मी म्हणत नाही. पण माणसं जिथे भेटतील त्या वाटेने जा.

आता अटारीचं. कुलदीप नय्यर मूळचे सियालकोटचे, १९४७ मध्ये तिथून सगळं सोडून आलेले पत्रकार, त्यांनी १९९० च्या दशकात अटारीला १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मेणबत्त्या लावायला सुरुवात केली, पहिल्यांदा हातावर मोजण्याइतकी माणसं होती, पुढे हजारोंनी यायला लागली. ते २०१८ मध्ये गेले. ज्याचं घरदार त्या फाळणीत गेलं त्यानेच त्या रेषेवर दिवा लावला म्हणून त्याला वजन होतं. तुम्ही गेलात तर काय दिसेल ते आधीच सांगते म्हणजे मन खट्टू होणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्येच अटारीचं चेकपोस्ट बंद केलंय. संध्याकाळची परेड परत सुरू झालीय पण गेट उघडत नाहीत, दोन्हीकडचे जवान हात मिळवत नाहीत. समझौता एक्सप्रेस आणि लाहोरची बस २०१९ पासून बंदच आहेत. कर्तारपूरचा कॉरिडॉर आपल्या बाजूने मे महिन्यात बंद झाला. आणि रात्री गेटपर्यंत जायचं तर परवानगी लागते, ती या वर्षी मिळेल की नाही याच्यावर भरवसा ठेवून निघू नका, अमृतसरमधल्या लोकांशी आधी बोलून घ्या, त्यांनी जिथे अडवलं तिथेच मेणबत्ती लावायची, वाद घालायचा नाही.

मी गेले होते त्या वर्षी आम्ही कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून त्यात मेणबत्ती बसवली होती, म्हणजे वारा लागत नाही. तरी लागायचाच. मेण ओघळून कपातून खाली अंगठ्यावर यायचं. आम्ही बारा-तेरा बायका, पलीकडून त्या वर्षी कोणी आलं नव्हतं, काळोखात नुसतं शेत आणि तार. परत निघालो तर नाक्यावर एक जवान आमच्या बोलण्याकडे कान देऊन होता, म्हणाला, "महाराष्ट्रातून आलात का?" लातूरकडचा निघाला. पंचविशीचाही नसेल. मी त्याला म्हटलं, बाळा, आम्ही तुमच्यासाठीच हे करतोय, तुम्हाला लढायला लागू नये म्हणून. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मावशी, कोणी विचारतच नाही आम्हाला." रागाने नाही, सहज म्हणाला. मग त्याने माझ्याकडचं पाणी घेतलं, प्यायला, बाटली परत दिली. मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्याच्या आईचा फोन नंबर घेता आला असता, घरी गेल्यावर सांगता आलं असतं की तुमचा मुलगा भेटला, बरा आहे. एवढंही सुचलं नाही. हे मला अजून लागतं.

म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मला सारखी टोचतेय. पेट्रोलवर तुम्ही दहा ओळी लिहिल्यात, पासवर तीन, राजकारण्यांवर अख्खं पान, आणि 'भाचा पूंछकडे पोस्टिंगला आहे' ही एक ओळ. तिच्या पुढे काहीच नाही. गुरुजी, ८ मे ला पूंछमध्ये काय चाललं होतं ते आठवा. ७ तारखेपासून तिथे तोफगोळे पडत होते, साधी माणसं गेली, लहान लेकरं गेली. १० तारखेला संध्याकाळी युद्धबंदी झाली तोपर्यंत तुमची बहीण झोपली असेल का? दाजी फौजेत आयुष्य काढलेला माणूस, टीव्हीवर जे दाखवतात त्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं, तोफखान्याचा मारा म्हणजे काय ते त्यांनी बघितलेलं असणार, आणि फोन लागत नसणार. अशा रात्री ग्रुपवर तुमचा मेसेज आला. मेसेजमध्ये चूक काही नव्हतं, मी त्याच्या खाली सही करीन. पण त्या रात्री त्या घराला तुमच्याकडून पहिला मेसेज काय यायला हवा होता? पोराचा फोन आला का, एवढाच. तो तुम्ही केला असता आणि मग दोन दिवसांनी युद्धावर लिहिलं असतं तर दाजी भांडले असते, पण देशद्रोही म्हणाले नसते असं मला वाटतं. त्यांनी तो शब्द वापरला ते चुकीचंच आहे, सगळ्यांदेखत वापरला हे तर आणखी वाईट, त्याचं समर्थन मी करत नाही. तुम्ही वयाने मोठे आहात, मेहुणे आहात, मान तुमचा होता. पण भीती वाटलेला बाप होता तो, हे तुम्हाला दिसायला हवं होतं. तुम्ही इतकी वर्षं वर्गात पोरं बघितलीत, खोडी करणारं पोर घरून काय घेऊन आलंय ते तुम्हाला बाकाकडे बघून कळत असेल.

तर पहिली ट्रिप जिंतूरची. गाडीनेच जा, त्यासाठीच घेतलीय ती. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर, पाच-सहा लिटर पेट्रोल. वहिनींना सोबत न्या. राखी ९ ऑगस्टला आहे, पण तोपर्यंत थांबू नका, सणाच्या दिवशी चार माणसं असतात आणि मनातलं राहून जातं. युद्ध, शांतता, पक्ष, यातलं काही काढू नका. भाच्याबद्दल विचारा. कुठे आहे, जेवतो काय, सुट्टी कधी आहे, ७ तारखेच्या रात्री काय झालं होतं. दाजी बोलायला लागले की ऐका, मध्ये बोलू नका. कदाचित ते बोलणारच नाहीत, चहा घेऊन यावं लागेल, तरी चालेल. आणि त्यांना ॲडमिरल रामदासांचं उदाहरण द्यायला जाऊ नका, मला माहितेय तुमच्या डोक्यात ते असणार. नौदलाचे प्रमुख होते, १९७१ च्या लढाईत वीरचक्र मिळवलं, रिटायर झाल्यावर अलिबागजवळ शेती करत राहिले आणि भारत-पाक शांततेसाठी जन्मभर झटले, २००४ मध्ये त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मॅगसेसे मिळालं. फार मोठा माणूस, २०२४ च्या मार्चमध्ये गेले. पण असं नाव समोरच्याच्या अंगावर फेकलं की त्याचा दगड होतो. दाजी कधी स्वतःहून विचारतील तेव्हा सांगा.

दुसरी ट्रिप डहाणूची, आणि ही ट्रिप तुम्हाला मेणबत्तीइतकीच, खरं तर त्याहून जास्त, जवळची वाटेल असं मला वाटतं. आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू तलासरीकडचे आदिवासी तरुण दरवर्षी गुजरातमध्ये पोरबंदर, ओखा, वेरावळला बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, जाळं मालकाचं, समुद्रात रेषा काढलेली नसते, कच्छच्या पलीकडे सर क्रीकपाशी हद्द कुठली यावर दोन देशांचंच एकमत नाही, आणि पाकिस्तानच्या गस्तीच्या बोटीने धरलं की हा पोरगा कराचीच्या तुरुंगात. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत आपले १९३ मच्छीमार तिकडे होते आणि त्यांचे ८१ आपल्याकडे. करारात लिहिलंय की शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री झाली की महिन्याभरात सोडायचं. कागदावर महिना, प्रत्यक्षात वर्षं जातात. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी तिथल्या तुरुंगात वारला आणि त्याचा मृतदेह घरी यायला महिन्याच्या वर गेला. तो कुठून आला माहितेय? तुमच्या अटारीवरून. सुटलेली माणसंही तशीच येतात, कराचीहून रेल्वेने लाहोर, तिथून वाघा, मग अमृतसर, मग अख्खा देश ओलांडून खाली. कराचीपासून पोरबंदर समुद्राने किती जवळ आहे आणि ही माणसं पंजाबला वळसा घालून घरी येतात. लाहोरपर्यंतच्या प्रवासाचा खर्च कित्येकदा कराचीची ईधी फाउंडेशन उचलते, वर हातात थोडे पैसे आणि कपडे देते. म्हणजे आपल्या पोरांच्या तिकिटाचे पैसे तिकडच्या साध्या माणसांनी दिलेल्या देणगीतून जातात. हे तुमच्या मुलाला सांगाच, तो खर्चाचा हिशोब मांडतोय तर हाही मांडू दे.

तिथे जाऊन काय करायचं? पैसे वाटायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. आधी तिथल्या मच्छीमार संघटनेच्या लोकांशी बोला आणि त्यांच्यासोबतच घरोघर जा. सध्या पावसाळा आहे, बोटी बंद आहेत, म्हणजे जे सुटून आलेत, जे बरोबर काम करायचे ते गावातच असतील, ऑगस्टमध्ये परत गुजरातला निघून जातील, म्हणून हे अटारीच्या आधी करा. परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून डहाणू रोडची लोकल. या घरांना सगळ्यात जास्त गरज असते ती लिहिणाऱ्या माणसाची. धरल्या गेलेल्या माणसाचं नागरिकत्व इकडून पडताळून द्यावं लागतं, आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, जन्मतारीख कुठेच जुळत नाही आणि त्यात महिनेच्या महिने जातात. गुरुजी, शाळेचा दाखला, जनरल रजिस्टर, नावातली दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, हे तुमच्यापेक्षा चांगलं कोणाला कळतं? तुमचे तीन मित्रही मास्तरच आहेत ना? चार मास्तर एका पाड्यावर चार दिवस बसले, तिथलाच कोणी वारली बोलणारा सोबत घेतला, तर किती फायली मार्गी लागतील. तुमच्या वाचलेल्या पैशातले थोडे झेरॉक्स, फोटो आणि तलाठ्याकडच्या फेऱ्यांना ठेवा.

मतदानाचं तुम्ही जे लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. वीट मलाही आलाय, कुठल्याच पक्षाच्या भाषणात हे १९३ जण नाहीत हे खरंय. पण २००७ मध्ये दोन्ही देशांनी निवृत्त न्यायाधीशांची एक समिती केली होती, चार आपले, चार त्यांचे, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे, आजारी कोण, शिक्षा संपलेली कोणाची, ते लिहून द्यायचे. तिची शेवटची भेट २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, त्यानंतर तिचं काम थांबलंय. ती परत सुरू करा एवढं साधं मागणं आहे, यात कोणाची देशभक्ती कमी होत नाही, दाजीसुद्धा याच्यावर सही करतील बघा. हे तुमच्या खासदाराला लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर परत विचारा, मतं मागायला येतील तेव्हा दारात विचारा. जो मतच देत नाही त्याच्या दारात कोण थांबणार? तुम्ही मतदान सोडलंत तर जे युद्धावर मतं मागतात त्यांचं एका मताने सोपं केलंत, बाकी काही नाही.

आणि मग अमृतसर. १२ ऑगस्टच्या सचखंडने निघा, म्हणजे १३ ला रात्री पोचाल. १४ ला सकाळी मेणबत्तीच्या आधी घुमानला जाऊन या, अमृतसरहून गाडीने दीडेक तास. आपले नामदेव महाराज पंढरपूरहून तिथपर्यंत गेले, राहिले, त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबमध्ये आहेत, तिथले लोक त्यांना बाबा नामदेव म्हणतात. २०१५ मध्ये साहित्य संमेलन तिथे झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. सातशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस तिकडे गेला आणि तिकडचा झाला, तेव्हा ना फास्टॅग होता ना रिझर्व्हेशन. अटारीला जाताना डहाणूच्या ज्या घरांत बसलात त्यांची नावं कागदावर लिहून न्या. मेणबत्ती लावताना ती नावं मोठ्याने वाचा, ऐकणारं कोणी असो नसो. बाबा आमटेंना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हतं, तरी पडल्यापडल्या प्रवास करत ते सायकलवाल्या पोरांसोबत कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत गेले, तुमच्या वडिलांनी तेव्हा सोडलं नाही ते असू दे, तेही बापच होते.

नाक्यावर जवान भेटला तर त्याचं गाव विचारा, घरी निरोप द्यायचा आहे का विचारा, आणि नंबर लिहून घ्यायला पेन जवळ ठेवा.

जिंतूरला कधी जाताय ते मला कळवा. जायच्या आदल्या दिवशी फोन दाजींना करू नका, बहिणीला करा, आणि भाच्याला तिच्या हातचं काय आवडतं ते विचारून ठेवा, फौजेच्या पत्त्यावर पार्सल जातं, पोचायला वेळ लागतो म्हणून टिकणारं काहीतरी, शेंगदाण्याची चटणी चालेल.